पराभवाच्या दिवशीचे कोशिएन

जपानमधल्या कोशिएन या बेसबॉलच्या मैदानाला भेट देऊन आलेल्या पाहुण्यांचे जे अभिप्राय माझ्या वाचनात आले, ते जवळजवळ सगळे जिंकलेल्या रात्रीचे होते. जिंकलेल्या रात्री कोणतेही मैदान सुंदरच दिसते. तिथला रस्सा चवदार लागतो, शेजारचा अनोळखी माणूस जिवलग वाटतो आणि परतीच्या गाडीत उभे राहावे लागले तरी पाय दुखत नाहीत. मी २००४ साली सांगलीहून कोबेला राहायला आले आणि दुसऱ्या वर्षापासून हानशिन टायगर्स या व्यावसायिक बेसबॉल संघाच्या मागे लागले. तेव्हापासून या मैदानात जेवढे विजय पाहिले, साधारण तेवढेच पराभव पाहिले आहेत; म्हणून हे परीक्षण मी मुद्दाम हरलेल्या रात्रीच्या अनुभवावरून लिहीत आहे. जे ठिकाण पाहुण्याला हरल्यावरही नीट वागवून घरी पाठवते, ते चांगले, एवढीच माझी कसोटी आहे.

ओसाकाच्या उमेदा स्थानकातून किंवा कोबेच्या सान्नोमिया स्थानकातून हानशिन रेल्वेच्या जलद गाडीने पंधरा-वीस मिनिटांत कोशिएन स्थानक येते. फलाटावरून उतरून गर्दीबरोबर चालू लागले की डोक्यावरून हानशिन द्रुतगती मार्ग जातो आणि त्याच्या सावलीतून बाहेर पडताच वेलींनी झाकलेली भिंत समोर उभी राहते. १९९५च्या जानेवारीतील भूकंपात याच मार्गाचा कोबेतला एक मोठा भाग आडवा कोसळला होता. मैदानाला त्या वेळी तडे गेले, पण ते उभे राहिले आणि दोनच महिन्यांनी शालेय मुलांची वसंत स्पर्धा तिथेच भरली. कोबेतली जुनी माणसे ही गोष्ट सांगताना आवाज बारीक करतात, त्यामुळे पुलाखालून जाताना माझी नजर आजही आपोआप वर जाते.

मैदान हानशिन रेल्वे कंपनीने बांधले. १९२४च्या मार्चमध्ये काम सुरू झाले आणि जुलैअखेरीस पूर्णही झाले. जपानी पंचांगातील साठ वर्षांच्या चक्राचे ते पहिले वर्ष होते. त्या वर्षाच्या नावाची दोन अक्षरे घेऊन मैदानाचे नाव ठेवले गेले. ‘प्रभव’ संवत्सरात बांधले म्हणून एखाद्या मैदानाला आपण ‘प्रभव बाग’ म्हणावे, तसा हा प्रकार आहे आणि साठ संवत्सरांची मोजणी माहीत असलेल्या मराठी माणसाला तो चटकन कळतो. टायगर्स संघ त्यानंतर, १९३५च्या डिसेंबरात स्थापन झाला. मैदान आधी शालेय मुलांच्या स्पर्धेसाठी बांधले गेले आणि व्यावसायिक संघ तिथे मागाहून राहायला आला, हा क्रम ध्यानात ठेवावा. त्याचे महत्त्व ऑगस्टात कळते.

आत गेल्यावर सर्वांत आधी माती पाहावी. व्यावसायिक संघांच्या बहुतेक मैदानांत आता कृत्रिम हिरवळ आहे, काहींवर तर छतही आहे. इथे मात्र वरती आभाळ आणि आतल्या चौकात काळी माती आहे. तीत वाळू मिसळतात आणि उन्हाळ्यात मातीचे प्रमाण वाढवतात, कारण लख्ख उन्हात पांढरा चेंडू गडद जमिनीवर चांगला दिसतो. सामन्याच्या मध्यंतरात मैदानाची निगा राखणारे कर्मचारी नळी घेऊन पाणी मारतात, तेव्हा ती माती क्षणात राखाडीची काळी होते आणि जवळ बसले असल्यास पहिल्या पावसाचा वास येतो. सांगलीच्या काळ्या रानाची आठवण यावी इतका तो ओळखीचा वास आहे. या कर्मचाऱ्यांविषयी जपानी प्रेक्षक खेळाडूंइतक्याच आदराने बोलतात. दुपारी तळे झालेले मैदान संध्याकाळी सहाला खेळण्याजोगे झालेले मी स्वतः पाहिले आहे.

बसायचे कुठे, हा प्रश्न चवीचा आहे. यष्टिरक्षकाच्या मागे चंदेरी छताखाली बसले तर ऊन-पाऊस लागत नाही आणि खेळ उत्तम कळतो. त्याच्या दोन्ही बाजूंना ‘आल्प्स’ नावाचे उंच सज्जे आहेत. पांढरे सदरे घातलेल्या प्रेक्षकांनी भरलेला सज्जा पाहून एका व्यंगचित्रकाराला बर्फाच्छादित डोंगर आठवला, त्यावरून हे नाव पडले. मी मात्र पहिल्यापासून उजव्या बाजूच्या बाहेरच्या सज्ज्यात बसते. तिथून चेंडू कमी दिसतो आणि माणसे जास्त दिसतात. टायगर्सच्या चाहत्यांना जपानीत जो शब्द आहे, त्याचे सरळ भाषांतर ‘वाघवेडे’ असे होईल आणि त्या वेडाची राजधानी हा सज्जा आहे. प्रतिस्पर्धी संघाचा सदरा घालून इथे बसता येत नाही. पाहुण्यांसाठी डावीकडे एक लहानसा कोपरा राखलेला असतो, तिकडे जावे लागते.

क्रिकेटवर पोसलेल्या वाचकासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. बेसबॉलमध्ये नऊ डाव असतात, प्रत्येक डावात दोन्ही संघ आळीपाळीने फलंदाजी करतात आणि तीन गडी बाद झाले की बाजू बदलते. सामने हंगामात १४३ होतात, म्हणजे वसंतापासून शरदापर्यंत आठवड्यातून पाच-सहा दिवस. ज्याने साखळीत पहिला क्रमांक मिळवला आहे तो संघसुद्धा त्यांतले पन्नासेक सामने हरलेला असतो. आपण विश्वचषकाच्या एका पराभवाचे सुतक चार वर्षे पाळतो. इथे पराभव दर आठवड्याला दोन-तीनदा घरी येतो आणि चपला काढून बसतो. त्यामुळे निष्ठावान चाहत्याचे दुःख क्रिकेटमधल्या दुःखापेक्षा वेगळ्या जातीचे, अधिक घरगुती असते.

हे दुःख वाटून घेण्याची व्यवस्था मात्र पक्की आहे. टायगर्सची फलंदाजी सुरू झाली की उजव्या सज्ज्यातले कर्णे आणि ढोल उठतात. प्रत्येक नेहमीच्या फलंदाजाचे स्वतःचे गाणे असते आणि ते हजारो लोकांना तोंडपाठ असते. हे वाजवणारे, झेंडे फिरवणारे लोक पगारी नाहीत. ते चाहतेच असतात आणि रीतसर परवानगी घेऊन वाजवतात. प्रतिस्पर्धी फलंदाजी करताना मात्र हा सज्जा बराच शांत असतो. दुसऱ्याच्या खेळात गोंगाट करून विघ्न आणण्याची रीत नाही, त्यामुळे अर्धा वेळ प्रचंड आवाज आणि अर्धा वेळ गप्पा, डबे, लहान मुलांची रडारड असा सामना सरकतो. मुख्य म्हणजे संघ नऊ धावांनी मागे असला तरी शेवटच्या डावातल्या शेवटच्या फलंदाजाचे गाणे पहिल्या डावाइतक्याच जोराने म्हटले जाते. पहिल्यांदा मला तो हट्ट हास्यास्पद वाटला होता. तो शिष्टाचार आहे, हे कळायला दोन हंगाम लागले.

खाण्यापिण्याविषयी फार लिहीत नाही. मैदान उघडले तेव्हापासून विकला जाणारा करी-भात प्रसिद्ध आहे. आपल्या आमटीच्या आणि रश्श्याच्या मधली, किंचित गोड चव असते आणि त्यात मांस असते. शाकाहारी माणसाने उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा आणि बटाट्याच्या तळलेल्या काचऱ्या यांवर भागवावे किंवा डबा आणावा. डबा आत नेता येतो; काचेची बाटली किंवा कॅन असेल तर दारात कागदी पेल्यात ओतून घ्यावे लागते. बिअरची लहान पिंपे पाठीला बांधून मुली खडे चढ चढत-उतरत फिरतात. पेला भरताना त्या गुडघा टेकून खाली बसतात, मागच्याची दृष्टी अडू नये म्हणून. हा तपशील मी प्रत्येक पाहुण्याला दाखवते आणि प्रत्येक पाहुणा त्यानंतर दुसरा पेला मागवतो.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे या मैदानाने आपल्या माणसांना काय काय सोसायला लावले आहे त्याकडे वळते. माझ्या रांगेत वर्षानुवर्षे बसणारे एक आजोबा आहेत. मी त्यांना ओजिसान म्हणते, ते मला ‘इंदो-सान’ म्हणतात, आणि इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांची नावे विचारलेली नाहीत. त्यांचा इतिहास १९७३पासून सुरू होतो. त्या वर्षी उरलेल्या दोन सामन्यांपैकी एक जिंकला असता तरी टायगर्सला साखळीचे विजेतेपद मिळणार होते. पहिला ते नागोयाच्या चुनिचीकडून हरले. दुसरा २२ ऑक्टोबरला कोशिएनवर, तोही साक्षात टोकियोच्या योमिउरी जायंट्सविरुद्ध झाला आणि ते ९-० असे हरले. जायंट्सचे ते सलग नववे विजेतेपद होते. चिडलेले प्रेक्षक मैदानात घुसले. ओजिसान त्या वेळी शाळेत होते आणि वडिलांचा हात धरून कुंपणाशी उभे होते. ‘त्या दिवशी वडील घरी पोहोचेपर्यंत काही बोलले नाहीत,’ एवढेच ते सांगतात.

मग १९८५ आले. १७ एप्रिलला जायंट्सविरुद्ध रँडी बास, मासायुकी काकेफु आणि आकिनोबु ओकादा या तिघांनी पाठोपाठ तीन होमरन (आपल्या षटकारासारखे, थेट कुंपणापलीकडचे टोले) मारले, तिन्ही समोरच्या टोकाला कुंपणामागे असलेल्या फलकाच्या दिशेने. त्या वर्षी बासने ५४ होमरन मारले, संघाने साखळी जिंकली आणि पुढे अखिल जपान मालिका, म्हणजे देशातल्या दोन साखळ्यांच्या संघांमधली अंतिम मालिकाही प्रथमच जिंकली. (योगायोग असा की, कोबेतले जैन मंदिर त्याच वर्षी उभे राहिले. आमच्या मंडळातील जुने लोक १९८५ हे साल दोन्ही कारणांनी लक्षात ठेवतात.) साखळी जिंकल्याच्या रात्री ओसाकाच्या दोतोंबोरी कालव्यावरील पुलावर जमलेल्या गर्दीने प्रत्येक खेळाडूसारखा दिसणारा चाहता शोधून त्याला पाण्यात उडी मारायला लावली. दाढीवाल्या अमेरिकन बाससारखे कोणी सापडेना, तेव्हा जवळच्या दुकानाबाहेरचा केंटकी चिकनच्या कर्नल सँडर्सचा पुतळा उचलून कालव्यात टाकला. त्यानंतर संघाला जी साडेसाती लागली ती कर्नलचा शाप म्हणून ओळखली जाते. पुतळा २००९च्या मार्चमध्ये गाळातून सापडला. शापावर विश्वास ठेवावा की न ठेवावा, आकडा खरा आहे: १९८७ ते २००१ या पंधरा हंगामांत टायगर्स दहा वेळा साखळीत शेवटच्या क्रमांकावर राहिले.

या पंधरा वर्षांत मैदान ओस पडायला हवे होते. तसे झाले नाही, आणि याच ठिकाणी मला या जागेचे खरे वैशिष्ट्य दिसते. शेवटच्या क्रमांकाच्या संघासाठी लोक तिकीट काढून येत, खेळाडूंना शिव्या देत, गाणी म्हणत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. आज वर्षाला सुमारे ३० लाख प्रेक्षक येतात ते विजयांमुळे आले असे कोणी म्हणत असेल तर त्याने ओजिसानांशेजारी एक संध्याकाळ बसावे.

माझ्या वाट्याची दुःखे २००५ला सुरू झाली. त्याआधी २००३ साली संघाने अठरा वर्षांनी साखळी जिंकली होती आणि अंतिम मालिकेत फुकुओकाच्या हॉक्सविरुद्ध ४-३ असे हरले होते. सातही सामने यजमान संघाने जिंकले आणि सातवा सामना फुकुओकात होता, यापलीकडे त्या पराभवाला कारण देता येत नाही. २००५मध्ये ओकादा प्रशिक्षक होते आणि संघ पुन्हा साखळीत पहिला आला. मी नवखी असल्यामुळे मला वाटले, हे असेच असते. अंतिम मालिका चिबाच्या लोत्तेविरुद्ध होती. निकाल १०-१, १०-०, १०-१ आणि ३-२ असे लागले, चारही लोत्तेच्या बाजूने. बेरीज ३३-४. जपानमध्ये आजही कुठल्याही चर्चेत कोणी ‘३३-४’ एवढेच म्हटले की टायगर्सचा चाहता मान खाली घालतो. आपल्याकडे ‘पानिपत’ म्हटल्यावर जसे पुढे काही सांगावे लागत नाही तसेच ते आहे, फक्त इथे हसणारे जास्त आणि हळहळणारे कमी.

२००८ साली जायंट्सवर १३ सामन्यांची आघाडी होती. हातातोंडाशी आलेला तो घास जायंट्सने हिरावला आणि ओकादांनी प्रशिक्षकपद सोडले. २०१४ची अंतिम मालिका तर अशी संपली की धावपट्टीतून चुकीच्या बाजूने धावल्याबद्दल आमचा फलंदाज बाद ठरला आणि त्याबरोबर वर्षच संपले. मात्र मला स्वतःला सर्वांत लागलेला पराभव २०२१चा आहे. त्या हंगामात टायगर्सने ७७ सामने जिंकले आणि टोकियोच्या याकुल्टने ७३. जास्त सामने आम्ही जिंकले आणि विजेते ते ठरले, कारण क्रमवारी विजयांच्या टक्केवारीवर लागते, बरोबरीचे सामने त्यात धरत नाहीत आणि याकुल्टच्या बरोबरी आमच्यापेक्षा आठने अधिक होत्या. शेवटच्या दिवशी कोशिएनवर चुनिचीविरुद्ध एकही धाव झाली नाही. करोनामुळे ओरडण्यास मनाई होती, फक्त टाळ्या वाजवता येत. मुखपट्टी लावलेले हजारो लोक गप्प बसून टाळ्या वाजवत आहेत आणि समोर सगळे संपते आहे, ही शांतता कोणत्याही गोंगाटापेक्षा सहन करायला कठीण होती. पुढच्या हंगामाची सुरुवात सलग नऊ पराभवांनी झाली, तेव्हा ओजिसान म्हणाले की निदान या वेळी आशेने त्रास दिला नाही.

आणि मग २०२३. ओकादा परत आले. १९८५ साली तिसरा होमरन मारणारे, २००५मध्ये ३३-४ सोसणारे, २००८मध्ये आघाडी गमावून घरी गेलेले हेच ते ओकादा. वयाच्या ६५व्या वर्षी पुन्हा त्याच खुर्चीत बसले. त्यांनी ‘विजेतेपद’ हा शब्द उच्चारायचा नाही असे ठरवले. त्याऐवजी ते ‘आरे’ म्हणत. जपानीत ‘आरे’ म्हणजे ‘ते’, तिकडचे ते. संघाने त्याचेच घोषवाक्य केले आणि वर्षभर अख्ख्या ओसाकात ‘यंदा ते होणार का’ अशी चर्चा चालली. कुणाला हे विचित्र वाटले असेल, मला वाटले नाही. निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणणाऱ्या, रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणणाऱ्या, बांगडी फुटली तर ‘वाढवली’ म्हणणाऱ्या घरात मी वाढले आहे. ज्याची फार इच्छा किंवा फार भीती आहे त्याचे नाव घेऊ नये, हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही. शिवाय चाळीस हजार जपानी माणसे एकसुरात ‘आरे’ म्हणू लागली की सांगलीकर कानाला ते कुणीतरी चौकातून हाक मारल्यासारखेच ऐकू येते.

१४ सप्टेंबरला कोशिएनवर जायंट्सविरुद्ध ४-३ असा विजय मिळाला आणि अठरा वर्षांनी ‘ते’ झाले. शेवटचा डाव टाकायला सुगुरु इवाझाकी आला तेव्हा त्याचे नेहमीचे गाणे वाजले नाही. त्याचा जुना सहकारी शिंतारो योकोता याचे गाणे वाजले. मेंदूतल्या गाठीमुळे योकोताला २०१९ साली खेळ सोडावा लागला होता आणि २०२३च्याच जुलैत वयाच्या २८व्या वर्षी तो गेला होता. विजयानंतर खेळाडूंनी ओकादांना हवेत उडवले आणि इवाझाकीला उडवले तेव्हा त्याच्या हातात योकोताचा २४ क्रमांकाचा सदरा होता. माझ्या बाजूला ओजिसान रडत होते आणि रडताना टोपीने तोंड झाकत होते. नोव्हेंबरच्या ५ तारखेला अंतिम मालिकाही जिंकली. ३८ वर्षांनी. ओजिसानांनी मला एक शेंगदाण्यांचे पाकीट दिले. त्यांनी मला आजवर दिलेली ती एकमेव भेटवस्तू आहे.

याउलट २०२५. क्युजी फुजिकावा प्रशिक्षक, तेरुआकी सातोचे ४० होमरन, ७ सप्टेंबरलाच साखळीचे विजेतेपद. इतक्या लवकर ते आजवर कोणीच मिळवले नव्हते. अंतिम मालिकेत मात्र हॉक्सकडून ४-१ असा पराभव झाला आणि शेवटचा सामना कोशिएनवरच झाला. स्वतःच्या अंगणात दुसऱ्याचा विजयोत्सव पाहण्याची ती रात्र. पाहुण्या संघाचे खेळाडू एकमेकांना मिठ्या मारत असताना उजव्या सज्ज्यातले फारच थोडे लोक उठून गेले. आमचा संघ ओळीने उभा राहून वाकला, तेव्हा टाळ्या झाल्या. मग लोकांनी खाली वाकून आपापला कचरा पिशव्यांत भरला. माझ्या कसोटीला ही रात्र उतरली असे मी म्हणेन.

काही व्यवहाराच्या गोष्टी. तिकिटे हंगाम सुरू होण्याआधीच विक्रीला येतात आणि जायंट्सविरुद्धची लगेच संपतात. त्यामुळे नातेवाईक भारतातून ‘पुढच्या आठवड्यात येतोय, दोन तिकिटे काढून ठेव’ असे कळवतात तेव्हा मला हसू येते. पुनर्विक्रीच्या आडमार्गाने जाऊ नये. मी एकदा सासूबाईंना सामना दाखवायचा म्हणून अशा एका संकेतस्थळावरून दुप्पट दराने तिकिटे घेतली. दारात ती आधीच वापरलेली निघाली, पैसे परत मिळाले नाहीत आणि आम्ही दोघींनी सामना स्थानकाजवळच्या एका खानावळीत दूरचित्रवाणीवर पाहिला. त्या संकेतस्थळाचे नाव घेत नाही. सासूबाईंना ती खानावळच मैदान वाटली आणि त्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. छत्री सज्ज्यात उघडता येत नाही, म्हणून जून-जुलैत कोटासारखा रेनकोट पिशवीत असू द्यावा. आणि समुद्रावरून उजवीकडून डावीकडे वाहणारा वारा विसरू नये. डावखुऱ्या फलंदाजाचा उंच टोला आपल्या मांडीत पडणार असे वाटते आणि तो वाऱ्याने मागे ओढला जाऊन क्षेत्ररक्षकाच्या हातात विसावतो. आशा आणि निराशा यांतले अंतर मोजायचे असेल तर त्यासाठी याहून स्वस्त साधन मला माहीत नाही.

परतीच्या प्रवासाला मी पैकीच्या पैकी गुण देते. रेल्वे आणि मैदान एकाच घरचे असल्यामुळे रेल्वेची माणसे सामन्यावर लक्ष ठेवून असतात आणि खेळ कितव्या डावात आहे, कितीने मागे आहे, लोक लवकर उठतील की शेवटपर्यंत बसतील, याचा अंदाज घेऊन जादा गाड्या सोडतात. एकतर्फी पराभवाच्या दिवशी सातव्या डावापासूनच गाड्या उभ्या दिसू लागतात. आपला संघ आज काही परतून येत नाही, हे स्टेशनमास्तरने आपल्या आधी ओळखले, हे पाहून जरा वाईट वाटते, पण बसायला जागा मिळते.

शेवटी ऑगस्टविषयी. या महिन्यात येणार असाल तर टायगर्स इथे बहुधा भेटणार नाहीत, कारण घर मुळात ज्यांचे आहे ती मुले परत येतात. उच्च माध्यमिक शाळांच्या उन्हाळी स्पर्धेसाठी व्यावसायिक संघ मैदान रिकामे करून बाहेर भटकतो. पूर्वी या दौऱ्यात संघ इतका दमायचा की त्याला ‘मृत्यूचा रस्ता’ असे नाव पडले. स्पर्धा बाद पद्धतीची असते. सहसा ४९ शाळा येतात आणि त्यांतल्या ४८ हरून घरी जातात. प्रत्येक सामना संपल्यावर भोंगा होतो, जिंकलेल्या शाळेचे गीत वाजते आणि हरलेली मुले ओळीत उभी राहून ते ऐकतात. मग ती सज्ज्यापाशी येऊन आपल्या पाठीराख्यांना वाकून नमस्कार करतात आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी काळी माती लहानशा पिशवीत भरतात.

१९५८ साली ओकिनावातली शुरी ही शाळा पहिल्यांदा इथे आली. ओकिनावा त्या वेळी अमेरिकेच्या ताब्यात होते, त्यामुळे मुले पारपत्र घेऊन आली होती. ती पहिल्याच फेरीत हरली आणि इतरांसारखीच माती घेऊन परतली. पण परदेशातून माती आणण्यास वनस्पती-रोगांच्या कायद्याने बंदी असल्यामुळे नाहाच्या बंदरात ती माती समुद्रात टाकावी लागली. ही बातमी वाचून जपानी विमानसेवेतील हवाई सुंदरींनी कोशिएनवरचे खडे गोळा करून शाळेला पाठवले, कारण मातीला बंदी होती, दगडांना नव्हती. ते खडे बसवलेले स्मारक शाळेच्या आवारात आहे.

मुले गेल्यावर कर्मचारी येतात, बोटांनी उकरलेल्या जागा दाताळ्याने सारख्या करतात आणि पुढच्या सामन्यासाठी पाणी मारतात. दोन सामन्यांमध्ये वेळ थोडाच असतो. सावलीची जागा हवी असेल तर तिकीट आधीच काढून ठेवावे.